प्रकरण सतरावे : तापल्या गाडीची साक्ष

शके एकोणीसशे वीस, वैशाखाचा वद्य पक्ष; इंग्रजी तारखेप्रमाणे मंगळवार, दिनांक १९ मे १९९८. स्थळ, मौजे निमगाव सावा, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. वेळ सकाळी नऊची.

आरतीचे लग्न गुरुवारवर येऊन ठेपले होते आणि घरच्यांचे दोन प्रश्नांवर एकमत होत नव्हते. नवरी कोणत्या वाहनातून डिंभ्याला सासरी जाईल, हा पहिला. आणि तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून कोण जाईल, हा दुसरा. वरकरणी हे प्रश्न दोन होते. वस्तुतः प्रश्न एकच होता आणि तो इंद्रायणीचा होता. ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते, आणि म्हणूनच जो तो दुसऱ्याच कशाविषयी बोलत होता.

इंद्रायणी ही सावळारामतात्यांची मधली लेक. थोरला दादाभाऊ, धाकटा गोरख. चौदा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या अशाच वैशाखात, तिची पाठवणी तात्यांच्या लँडमास्टरमधून झाली होती. ही मोटार तात्यांनी सत्तावन्न साली घेतली आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक नवरी तिच्यातूनच आली किंवा गेली. सासरी निघालेल्या लेकीने आधी ओझरच्या विघ्नहराला जायचे, तिथून पुढच्या वाटेला लागायचे, असा घराचा शिरस्ता. इंद्रायणीही गेली. दर्शन घेऊन परतली, गाडीत बसली, आणि गाडी जागची हलेना. इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेर घेई आणि थांबे. तासभर माणसांनी ढकलून पाहिले. अखेर नवरीला कांद्याच्या ट्रकात बसवले आणि घोडेगावच्या अलीकडच्या वाडीत ती पोहोचली तेव्हा तिन्हीसांजा टळून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावच्या भागूमिस्त्रीला घेऊन तात्या ओझरला गेले. मिस्त्रीने स्टार्टर दिला आणि पहिल्याच दमाला गाडी सुरू झाली. 'गाडीत काय बी खोट न्हाई,' असे मिस्त्री म्हणाला आणि लोकांनी ते घरोघर नेले. सत्तावीस वर्षांत जी मोटार एकदाही अडली नाही ती नेमकी इंद्रायणीच्या वेळी अडावी आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावाचून धडधडीत चालावी, यातून काय निघते ते सांगायला पंचांची गरज उरली नाही. गाडी निर्दोष सुटली. दोष मुलीकडे आला. पुढे सासरी पहिल्या पावसात बैल मेला, दुसऱ्या पावसात विहिरीची दरड कोसळली, सासूबाई न्हाणीत घसरून खुब्यातून मोडल्या, आणि प्रत्येक वेळी ओझरच्या गाडीची आठवण निघाली. शहाऐंशीच्या दिवाळीला 'पांढऱ्या पायाची' म्हणून तिला माहेरी आणून सोडले. नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरे लग्न केले.

तेव्हापासून ती इथेच होती. मळ्यातल्या विहिरीची विजेची मोटार तिच्या हवाली होती, आणि ती मोटार तिच्याइतकी कोणालाच कळत नसे. वायरमनला बोलावणे गेले की तो आधी विचारी, इंदुताईंनी बघितली का? या मानाचे तिला सुख होते. मात्र घरात कुठे हळद लागली, ओटी भरायची वेळ आली, की ती आपण होऊन मळ्यात निघून जाई. कोणी जा म्हणत नसे. आणि थांब असेही कोणी म्हणत नसे.

या वेळी मात्र आरती म्हणाली होती. आरती ही दादाभाऊची थोरली मुलगी, आत्याच्या हाताखाली वाढलेली. मला लँडमास्टर हवी आणि पाठराखीण आत्याच हवी, असे तिने आठ दिवसांपूर्वी सांगितले आणि त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोललेली नव्हती. तिच्या आईला, मोहिनीला, हा अबोला भांडणापेक्षा जड जात होता.

दादाभाऊने नारायणगावहून सुमो ठरवली होती. इसार दिलाय, ड्रायव्हर माहितीतला आहे, एवढ्या दोन वाक्यांवर तो सगळी चर्चा संपवू पाहत होता. गोरख भोसरीच्या कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर होता आणि चार दिवसांच्या रजेवर आला होता. त्याचे मत थोरल्या भावाच्या पारड्यात पडले. म्हातारी गाडी दसऱ्याला वेशीपर्यंत नेऊन आणायची आणि झेंडूचा हार घालायचा, एवढ्यापुरती ठीक. डिंभ्याच्या चढाला ती तात्यांच्या आधी धाप टाकील, असे तो म्हणाला. तात्या हसले. ओसरीवर त्या सकाळचे ते पहिले हसू होते.

मोहिनी हसली नाही. ती सूप बाजूला ठेवून इंद्रायणीकडे वळली.

"वन्सं, माज्या मनात तुमच्याबद्दल काय न्हाई. पन त्या दिवशी तुमची पाठराखीन मीच व्हते. गाडीत तुमच्या शेजारी बसले व्हते मी. ते मी डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव न्हाई. पोर माजी हाय."

यात लबाडी नव्हती, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. इंद्रायणीला मोहिनीचा राग कधीच आला नव्हता. खरे तर पहिली कित्येक वर्षे तिचे स्वतःचेही तेच मत होते. ते बदलले गेल्या चैत्रात. विहिरीवरची मोटार एका दुपारी फिरेनाशी झाली. बटण दाबले की रुतलेल्या जनावरासारखी कण्हायची, बंद पडायची. इंद्रायणीने वायर चाचपत नेली, तर खांबाजवळचा सांधा ढिला होऊन काळवंडला होता. सांधा साफ करून आवळला आणि मोटार पूर्ववत झाली. पण ती तिथेच, पाटाच्या कडेला, बराच वेळ बसून राहिली. ते कण्हणे तिच्या ओळखीचे होते. ओझरला ऐकलेला आवाज हाच. पोटाला वीज कमी पडलेल्या मोटारीचा तो आवाज असतो; गाडीच्या स्टार्टरमध्येही एक विजेची मोटारच असते.

हे तिने कोणाला सांगितले नव्हते. आता सांगितले. मोजक्या शब्दांत, खाली पाहत, पण क्रमाने. शेवटी म्हणाली की चौदा वर्षे आपण सगळे ती गाडी सकाळी, सावलीत, गार असताना सुरू करून पाहतो आहोत. ती अडली तेव्हा उन्हात वीस मैल येऊन तापलेली होती. ज्याला दुपारी ताप चढतो त्याची नाडी पहाटे बघून काय कळणार?

गोरखने कपाळावरचा हात काढला. त्याच्या धंद्यातले बोलणे त्याला प्रथमच घरात ऐकू आले होते. पण दादाभाऊ कच्चा गडी नव्हता. सोसायटीच्या सभांत वीस वर्षे वाद घातलेला.

"समजा आज गाडीत खोट निघाली," तो म्हणाला, "तर ती आजची खोट झाली. चौदा वर्सांमागं व्हती कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. इंद्रायणीने तो स्वतःलाही विचारलेला होता.

"ते मला ठाऊक न्हाई, दादा. पन आज गाडी तापवून तिथंच नेऊ. नीट चालू झाली तर मी पुन्हा बोलनार न्हाई. गुरवारी मळ्यात मोटारीपाशी बसून राहीन, आन् आरतीची समजूत बी मीच घालीन."

मोहिनीने सूप पुन्हा हाती घेतले, आणि गोरखकडे पाहून, गाडीत आपणही येणार, असे सांगितले. आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती आणि नाहीही म्हणणार नव्हती. तात्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि ते गाडीच्या पुढच्या जागेवर जाऊन बसले. दादाभाऊ मांडवाचे काम बघायला मागे राहिला. गाडी निघाली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

*

वर सांगितलेली परीक्षा मोठी विचित्र होती, हे निघाल्यावर इंद्रायणीच्या ध्यानात आले. नवरीच्या गाडीने वाटेत अडू नये म्हणून लोक नवस बोलतात. आणि आपण ती अडावी म्हणून निघालो आहोत.

नारायणगावला भागूमिस्त्री गाडीत आला. साठीचा, ठेंगणा, बोलका माणूस. इंजिनाला तेल लागते तसे त्याच्या कामाला बोलणे लागे. कशासाठी चाललो आहोत हे गोरखने त्याला वाटेत सांगितले. चौऱ्याऐंशीचा दाखला त्याचाच होता. मग त्याने गळा साफ केला आणि गाडीत बसल्या बसल्याच निकाल दिला. उन्हाळ्यात जुन्या गाडीचे पेट्रोल पंपातच उकळते, वाफ धरते. पंपावर ओले फडके टाकायचे, दहा मिनिटे बिडी ओढायची, गाडी चालू. त्या दिवशीही तेच झाले असणार. यात पायगुण नाही आणि खोटही नाही, उन्हाळा आहे.

हे ऐकून मोहिनीचा चेहरा थोडा सैल झाला. कोणाचाच दोष नाही, हा निकाल तिला चालण्यासारखा होता. इंद्रायणीला तो चालणार नव्हता. तो खरा असता तर तिने मुकाट्याने घेतला असता; पण तो तिला खरा वाटत नव्हता.

"मिस्त्री, पेट्रोल न्हाई पोचलं तर इंजिन फिरतं का न्हाई?" तिने विचारले.

"फिरतं की. खडाखडा फिरतं. पेट घेत न्हाई इतकंच."

"मग त्या दिवशी ते फिरतच नव्हतं. पेट घ्यायची पाळी आलीच न्हाई."

"ताई, तुमी डोक्यावर अक्षता घेऊन बसला व्हता. तवा तुमाला इंजिनचा आवाज आठवतोय व्हय?"

"दुसरं काय आठवनार, मिस्त्री? चौदा वर्सं तेवढंच ऐकतेय."

गोरखने आरशातून बहिणीकडे पाहिले. ओसरीवर दादाभाऊच्या बाजूला बसलेला तो आता कोणत्या बाजूचा आहे, हे त्याला स्वतःला सांगता आले नसते. पण त्याने गाडीचा वेग मुद्दाम वाढवला आणि चढावर दुसरा गिअर लांबवला, जेणेकरून इंजिन चांगले तापेल. काटा वर चढत गेला. पायाशी ऊब येऊ लागली. गरम तेलाचा वास सुटला. तात्या तो वास ओळखीचा असल्यासारखे डोळे मिटून बसले होते.

*

ओझरला गाडी थांबली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. देवळाच्या भिंतीकडेला, चौऱ्याऐंशीला जिथे उभी होती तिथेच, गोरखने ती उभी केली आणि इंजिन बंद केले. लगेच पाहायचे नाही, असे इंद्रायणीने बजावले होते. त्या दिवशी दर्शनाला वीस मिनिटे गेली होती. आजही वीस मिनिटे गेली पाहिजेत. इंजिन बंद झाले की त्याची आच वाऱ्यावाचून कोंडते आणि आजूबाजूच्या सगळ्या लोखंडात मुरते. सगळी देवळात गेली.

आत गार होते. इंद्रायणी विघ्नहराच्या समोर हात जोडून उभी राहिली, आणि तिला काय मागावे ते सुचेना. जो विघ्ने दूर करतो त्याच्यापाशी विघ्न मागायचे कोणत्या तोंडाने? गाडी सुखरूप चालू होऊ दे म्हणावे, तर आपण चौदा वर्षांपूर्वीच्या निकालावर स्वतः सही करतो. अडू दे म्हणावे, तर लेकीसारख्या पोरीच्या लग्नाच्या तोंडावर अभद्र बोलतो. शेवटी तिने काहीच मागितले नाही. जे असेल ते दिसू दे, एवढेच मनात आले. ते मागणे आहे की नाही याचा तिने विचार केला नाही. शेजारी मोहिनी डोळे घट्ट मिटून ओठ हलवत होती. ती काय मागत होती, हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

परत येऊन सगळी आपापल्या जागी बसली. गोरखने स्टार्टर दिला.

इंजिनाने एक दीर्घ, जाड हुंकार दिला. अर्धा फेर, मग थांबणे. मग पुन्हा पाव फेर. चरकात काही अडकल्यासारखे ते कण्हले आणि निमाले. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्यांदा तेवढेही नाही.

मोहिनीने इंद्रायणीचा हात धरला होता. आपण तो केव्हा धरला हे तिच्या लक्षात आले नव्हते.

"वन्सं," ती हळू म्हणाली, "ह्योच. ह्योच आवाज व्हता."

भागूमिस्त्रीने फडके ओले करून पंपावर टाकले, पण त्याचे त्यालाच ते पटत नव्हते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तोच हुंकार ऐकल्यावर त्याने फडके पिळून खांद्यावर टाकले. हा पेट्रोलचा आजार नव्हे, हे त्याने मान्य केले. मग बॅटरी असेल. गोरखने पिशवीतून आपला मीटर काढला. बॅटरी परवाच नवी घातलेली, भरलेली. काटा बाराच्या पुढे. मग स्टार्टर जळत आला असेल, असे मिस्त्री म्हणाला. तो उतरवायचा, नारायणगावला न्यायचा, आतली गुंडाळी बघायची, शुक्रवारपर्यंत होईल.

लग्न गुरुवारी होते. शुक्रवारी निघालेल्या निकालाचा इंद्रायणीला उपयोग नव्हता.

"सोडू नगा," ती म्हणाली. "गोरख, मोटार कण्हायला लागली तर आपन आदी मोटार खोलतो का वायर बघतो?"

"वायर," गोरख म्हणाला, आणि तो एकदम कारखान्यातला गोरख झाला. "ताई, इकडं ये. स्टार्टर चालू असताना बॅटरीपासनं स्टार्टरपर्यंत कुठं किती व्होल्ट गळत्यात ते बघायचं. चांगल्या वायरीत काय गळत नाय. मिस्त्री, तुमी स्टार्टर द्या, मी मोजतो."

पहिली बाजू मोजली. बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल. काटा जेमतेम हलला. ती वाट मोकळी होती. पण वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परतही यावे लागते. आणि गाडीत परतीची वाट म्हणजे वायर नसून गाडीचे लोखंडच असते, हे गोरखने मोहिनीला दोन वाक्यांत सांगितले. इंजिनाचे लोखंड रबरावर बसवलेले. म्हणून ते खालच्या सांगाड्याला तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीने जोडतात. मीटरची एक तार त्याने इंजिनाला टेकवली, दुसरी बॅटरीच्या परतीच्या टोकाला. मिस्त्रीने स्टार्टर दिला. इंजिन कण्हले आणि काटा चारपर्यंत गेला.

"बारातले चार," गोरख म्हणाला. "वाटंतच."

सगळ्यांना कळेल असा पुरावा त्याने लगेच दिला. गाडीत बॅटरीला बॅटरी जोडायच्या जाड तारा होत्या. त्यातली एक त्याने इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि तिचे दुसरे टोक थेट बॅटरीच्या परतीच्या टोकाला. पट्टीची वाट टाळून नवी वाट दिली. इंजिन अजून हात लावू देत नव्हते इतके तापलेले होते. मिस्त्रीने स्टार्टर दिला, आणि गाडी खडाखडा फिरून पहिल्याच दमाला सुरू झाली.

देवळाच्या ओट्यावर बसलेले दोघे-तिघे या आवाजाने वळले. मिस्त्रीने इंजिन बंद केले, तार काढली, पुन्हा स्टार्टर दिला. कण्हणे. तार लावली, गाडी सुरू. असे त्याने चारदा केले, पुरावा इतरांना नव्हे, स्वतःला देण्यासाठी. मग पोते अंथरले, पाना घेतला आणि तो गाडीखाली शिरला.

मोहिनीचा हात अजून इंद्रायणीच्या हातात होता. इंद्रायणीला वाटायला हवा होता तेवढा आनंद वाटत नव्हता. खोट निघाली, पण दादाभाऊचा प्रश्न ओसरीवर बसलाच होता. आजची खोट ही आजची. गंज काय, चार पावसाळ्यांतही धरतो.

खालून मिस्त्रीचा आवाज आला. बोल्ट निघत नव्हता. रंगाने चिकटला होता. काळा रंग, थरावर थर. तात्या प्रथमच बोलले. चौऱ्याऐंशीपासून दर दसऱ्याला गाडीचे खालचे लोखंड आपण स्वतः काळ्या रंगाने रंगवतो, असे त्यांनी सांगितले. बैलगाडीच्या धावेला, नांगराच्या फाळाला पावसाळ्याआधी हात फिरवावा तसे. घरातले लोखंड उघडे राहू देऊ नये, हे त्यांच्या वडिलांचे सांगणे. विहिरीच्या रहाटापासून मोटारीपर्यंत त्यांनी ते पाळले होते.

बोल्ट सुटला. भागूमिस्त्री तांब्याची पट्टी हातात घेऊन बाहेर आला, उन्हाकडे धरून तिचे टोक पाहू लागला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा गाडीखाली शिरला, कानशीच्या टोकाने सांगाडा खरवडला, बाहेर आला.

"तात्या, पट्टीच्या वरनं काळा रंग हाय. दसऱ्याचा. तो ऱ्हाऊ द्या, त्यानं काय बिघडत न्हाई. पन पट्टीच्या खाली बी रंग हाय. जिथं तांबं लोखंडाला टेकलं पायजे, बरोबर तिथं. पट्टी खोलून, आत रंग देऊन, वरनं बसवलीया कुनी. नुसता बोल्टच्या आट्यांवर वीज चाललीय ही. गार असताना जेमतेम पुरती. तापलं की अडथळा वाढतो, आन् बसतंय कण्हत."

"काळाच?" गोरखने विचारले.

"न्हाई," मिस्त्री म्हणाला. "खालचा हिरवा हाय. एकच थर. काळा त्याच्या खाली कुठंच न्हाई."

मोहिनीने इंद्रायणीचा हात सोडला. ती पुढे झाली, पट्टी तिने मिस्त्रीच्या हातून घेतली आणि उलटी करून पाहिली. तांब्याच्या टोकाला शेवाळी हिरव्या रंगाची चकती चिकटली होती, इतक्या वर्षांनंतरही ओली असल्यासारखी चमकणारी. तिच्यावर ऊन पडले नव्हते, पाऊस पडला नव्हता.

"ह्यो रंग मला म्हाईतीय," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. "वन्संच्या लग्नात माज्या नव्या शालूच्या काठाला लागला व्हता. गाडीत चढताना. वाळलाच न्हवता अजून. काय बी करून निघाला न्हाई. पेटीत हाय अजून तसाच." तिने तात्यांकडे पाहिले. "मामंजी, हिरवा रंग तुमी एकदाच दिला व्हता."

आता दादाभाऊच्या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. काळा रंग नंतरचा होता आणि तो पट्टीच्या वर होता. हिरवा रंग पाठवणीच्या आठवड्यातला होता आणि तो पट्टीच्या खाली होता. नवरीने गाडीत पाय ठेवला त्याआधीच खोट तिथे बसलेली होती. सत्तावीस वर्षांत न अडलेली गाडी नेमकी त्याच दिवशी का अडली, याचेही कारण त्या चकतीत होते. लोकांनी तो योगायोग नीट हेरला होता, फक्त माणूस चुकीचा धरला होता.

इंद्रायणी वडिलांकडे पाहू शकली नाही. तिला ते दिवस आठवले. लग्नाआधी चार दिवस तात्या सकाळपासून गोठ्याच्या सावलीत गाडीखाली झोपून असत. जेवायला हाक मारली तरी येत नसत. आई चिडे, आणि ते म्हणत, इंदू बसणार आहे तिच्यात, एक बोटभर लोखंड उघडे राहता कामा नये. जे कोणी मिस्त्री करणार नाही ते त्यांनी केले होते. पट्टीसुद्धा खोलून तिच्या मागे रंग दिला होता.

भागूमिस्त्रीने सांगाडा आणि पट्टीचे टोक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, बोल्ट आवळला. या वेळी तार न लावता त्याने स्टार्टर दिला आणि तापलेली गाडी झटक्यात सुरू झाली. तो गाडीतून उतरून इंद्रायणीसमोर येऊन उभा राहिला. त्या सकाळी आपण गार गाडी बघितली आणि तोंड उघडले, एवढेच तो म्हणाला; माफी त्याने शब्दांत मागितली नाही, पण टोपी काढून हातात धरली होती. इंद्रायणीने त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"वन्सं, तुमी मला शिव्या द्या," मोहिनी एकदम म्हणाली.

"वहिनी, शालू जपून ठेवलात," इंद्रायणी म्हणाली. "न्हाई तर आज कोन इश्वास ठेवनार व्हतं?" आणि मग दोघीही हसल्या, तोंडाला पदर लावून, उन्हात उभ्या राहून, चौदा वर्षांत हसल्या नव्हत्या तशा.

तात्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसले होते. वीस वर्षे ते गावात पंच म्हणून बसले होते. बांधाचे, वाटणीचे, सोयरिकीचे निवाडे त्यांनी दिले होते, आणि निवाडा देताना ते नेहमी टोपी काढून मांडीवर ठेवत. आताही ठेवली. गोरखने पुढे होऊन, चला तात्या, ऊन वाढतंय, असे म्हटले. त्यांनी हाताने त्याला थांबवले आणि सगळ्यांना समोर यायला सांगितले. मिस्त्री आला, मोहिनी आली. इंद्रायणी मागे राहिली होती. तिच्याकडे बघून त्यांनी पुन्हा खूण केली, तेव्हा तीही आली. म्हाताऱ्याचे डोळे कोरडे होते आणि आवाज सभेतला होता.

"चौऱ्याऐंशी साली हितं गाडी अडली ती मी दिलेल्या रंगानं. इंदूचा त्यात काय बी दोष न्हवता. घरी गेल्यावर दादाभाऊला आन् गावाला मी सवता सांगनार हाय. गुरवारी आरती ह्याच गाडीतून जाईल, आन् पाठराखीन इंदू जाईल."